लाकडी नमुना

रास्ता पेठेतल्या सुताराने शिसवीचा कोरून दिला
तेव्हा त्याने मान वर केली नव्हती.
"पॉलिश मारू का ताई?" एवढंच, तेही भिंतीकडे बघत.
एकोणीस वर्षं झाली.
आधी माझ्या पिशवीतून त्याने
बुधवार पेठेतल्या माड्यांचे जिने चढले,
आता वानवडीच्या वर्गात टेबलावर उभा असतो
सहा देशांच्या गणवेशांसमोर.

आरोग्य व प्रतिबंध, पाठ चौथा.
तिसरा डासांचा होता, तेव्हा सगळे लिहून घेत होते.
आज पेनांना टोपणं.
ताजिक लेफ्टनंट खिडकीबाहेरची चिंच मोजतोय,
मालदीवच्या सार्जंटने गिळलेलं हसू
नाकातून बाहेर येतं.
मी थांबते. हसून घ्या, म्हणते.
शेवंता म्हणायची, लाज मोडायला वेळ द्यावा लागतो बाई.
म्हणजे असं नव्हती म्हणाली,
तिच्या वाक्यात दोन शिव्या होत्या,
पण दुभाष्या नवीन आहे, अजून मिशीही फुटलेली नाही.

पाकिटावरची तारीख बघा.
कडेने फाडा, दातांनी नाही.
टोक चिमटीत धरा, हवा राहू द्यायची नाही.
डोळे बांधून रायफल जोडणारी बोटं
इथे घसरतात.

मग लेसोथोचा कॅप्टन मोखेती उठला.
न बोलावता पुढे आला,
एका दमात सगळं बरोबर केलं, काढून गाठही मारली.
"आमच्याकडे हा पाठ उशिरा आला," म्हणाला.
"तुकडीचा फोटो आहे. डावीकडून चौथा मी.
तिसरा नाही आता. पाचवा नाही.
मागच्या रांगेत..."
दुभाष्या रशियनमध्ये सांगता सांगता अडला.
ताजिकने चिंच सोडली. काय म्हणाला? पुढे काय?

"मॅडम, हे वापरायचं कसं ते येतं.
बायकोला सांगायचं कसं,
तो पाठ कितवा?"

मी पुस्तिका उलटली, उगाच.
मला पाठ आहे ती.
पाचवा सर्पदंशाचा आहे.

सुटीनंतर थांबा, म्हटलं.
चौघे थांबले. ताजिकही, दुभाष्याशिवाय.
चहा दोनदा मागवला, दुसरा तसाच गार झाला.
शेवंताने तिच्या माणसाला कसं सांगितलं ते सांगितलं,
या वेळी शिव्यांसकट.

स्वारगेटच्या बसमध्ये मांडीवर
जुन्या पेपरात गुंडाळलेला नमुना.
"लाटणं का?" कंडक्टरने विचारलं.
हो म्हटलं.
सुट्टे दिले.
लाकूड अजून चांगलं आहे, फक्त
टोकाचं पॉलिश गेलंय.