पावणेपाच पावलं

या बेटाला बंदर नाही.
ओकिनावाहून रात्रभर आलेली बोट
लाटांवरच थांबते, आणि क्रेन
माणसांना पिंजऱ्यात घालून उचलते,
सिमेंटच्या पोत्यांशेजारी
पोवळ्याच्या खडकावर ठेवते.
तशीच आले मी,
वही, टॉर्च आणि एका किड्याची चौकशी घेऊन.
अंगठ्याच्या नखाएवढा सिकाडा.
जगात दुसरीकडे नाही,
इथेही उरलेला
दोन उसांमधल्या ताडांच्या पट्टीत.
पट्टीची रुंदी सत्तावीस पावलं. माझी.

तोकुजी ओकियामांची तेवीस.
"बापाच्या वेळी मोजावं लागत नव्हतं," ते म्हणतात.
"जंगल होतं. आम्हीच तोडलं.
मी बारा वर्षांचा, कोयता माझ्याहून जड.
झाड पडताना हे असे ओरडायचे,
वाटायचं, झाडच ओरडतंय."

आता त्यांना वरचे सूर लागत नाहीत.
कारखान्याच्या चरकाने कान खाल्ले.
रोज दिवस टेकला की येतात,
खोडाला तळवा लावून उभे राहतात.
"लागले का?"
मी मान हलवते. वेळ लिहिते.

वादळानंतरच्या मंगळवारी
वारा नव्हता, पाऊस नव्हता.
सात एकोणचाळीस. शून्य.
"लागले का?"
मी मान हलवली.

ते हसले. "खोटं.
ऐकणारा माणूस मान हलवण्याआधी
जरा थांबतो."

मग मी वही दाखवली.
त्यांनी शून्यावरून बोट फिरवलं,
पाटीवर गिरवावं तसं. दोनदा.
आणि हद्दीची खुंटी उपटली,
लाल चिंधीची,
कापणीच्या यंत्राला 'बस, इथवर' सांगणारी,
आणि शिरले आपल्याच उसात.
चार पावलं.
दगडाने ठोकली.

"मुळांशी पिल्लं असतील. खाली वर्षं काढतात.
त्यांना काय ठाऊक
वर सातबारा कुणाचा."

हातातोंडाशी आलेला ऊस, मी म्हटलं,
बायको रागावेल.
"रागावू दे. तिचाही सूर वरचाच आहे."

अंधार पडला. टॉर्च लावला नाही.
त्यांचा तळवा खोडावर,
माझा कान कुठेच नाही, सगळीकडे.
उसाचं पाचट तेवढं वाजत होतं.

वहीत शून्यापुढे एक रकाना असतो, शेरा.
त्यात लिहिलं:
पट्टी रुंद झाली.
अंदाजे पावणेपाच पावलं.
माझी.