दहावा फोन

माझ्या दुकानात लागतो, त्यांच्या खोलीत लागत नाही,
म्हणजे फोन धड आहे, खोली आजारी आहे.
हे निदान मी करक चहाचा कप खाली न ठेवता केलं,
आणि शराफतचाचा चौगुले,
मूळचे दाभोळच्या खाडीचे, एकोणीस वर्षं सोहारात मेसचे आचारी,
असे बघत राहिले
जसं त्यांच्या कालवणात मीठ जास्त झालंय
म्हणालो मी.

"तीन हप्ते झाले रे. गोल गोल फिरतो न् बसतो."

शुक्रवारी दुकान आवरून गेलो.
लाँड्रीच्या वरचा मजला. ऑगस्ट.
जिन्याच्या कठड्यालासुद्धा घाम.
भिंतीवर हिरव्या मार्करने पासवर्ड,
त्यातलं शून्य हे शून्य की ओ
यावर दोन खाटांची दोन मतं.
दोन्ही टाकून पाहिली.
राउटर बंद केला, तीसपर्यंत मोजलं, चालू केला.
फोनला म्हटलं, हे नेटवर्क विसर. लगेच विसरला,
या बाबतीत फोन गुणी असतात.
नव्याने ओळख करून दिली.
पडद्यावर आलं, आयपी पत्ता मिळवत आहे.
चाचा म्हणाले, "पत्ता? बिल्डिंगचा सांगू?"

मग राउटरच्या पोटात शिरलो.
घरमालकाने हद्द घातलेली: दहा.
खोलीत माणसंही दहाच.
हजेरी घेतली. रेडमी, रेडमी, ओप्पो,
तीन आठवड्यांपूर्वी आलेल्या नेपाळी पोराचा नवाकोरा,
एकेक हात वर होत गेला.
नऊ.
दहावा, दत्ताराम निवाते.

कुणी हात वर केला नाही.
"दत्ता जूनमध्येच गेला. एक्झिट मारून. कायमचा."
मग त्याचा फोन?
सगळ्यांची बोटं एकदम कपाटाच्या माथ्याकडे.

चार्जरच्या वायरीला टेकलेला, काच तडकलेली.
गावी नवा घेईन म्हणून दत्ता टाकून गेला,
अलार्म तेवढा काढायचा राहिला,
तीन पन्नास.
लॉक कुणाला ठाऊक नाही.
पहिले आठ दिवस खोलीने दत्ताच्या सात पिढ्या उद्धरल्या.
बंद करता आला असता. केला नाही.
एका रात्री बॅटरी लाल झालेली दिसली
तेव्हा कुणीतरी उठून चार्जिंगला लावला,
कोण ते आजही कुणी कबूल करत नाही.
आता पहाटेची पाळी त्याच्यावरच उठते.

मी म्हटलं, अलार्मला वायफाय लागत नाही.
ह्याला यादीतून काढतो, चाचा, तुमचा बसेल.
"काढतो म्हंजे? वाजंल ना?"
वाजेल.
"नक्की?"
इथल्या आणि गावच्या घड्याळात दीड तासाचं अंतर,
मी तेवढाच शहाणा.
तरी म्हणालो, नक्की.

काढला.
कपाटावर एक बारकं उद्गारचिन्ह उमटलं
आणि खाली चाचांच्या तळहातावर
तो छोटा पंखा भरत गेला,
टिंब, एक कमान, दुसरी, तिसरी.

साडेअकरा झालेले. तिकडे एक.
दाभोळ केव्हाच झोपलं असेल.
लावा की फोन, मी म्हटलं.
"आता कुणाला? उद्या बघू."
उशाशी ठेवला त्यांनी, तोंड वर करून,
आणि पडदा विझू लागला की
बोट लावून पुन्हा जागा करत राहिले.

पाचशे बैसे सांगितले होते,
हातात कोळंबीच्या भाताचा डबा आला.
मीठ बरोबर होतं.

माझ्या खोलीवर येऊन मीही लावला, तीन पन्नासचा.
वर दत्ताचा वाजला नाही
तर चाचांना फोन करून उठवावं लागेल.
आता लागतो त्यांचा.