झेम्लेचा जमाखर्च

झेम्ले म्हणजे पाव.
भट्टीतून नुकता निघालेला, वरून तांबूस, हाताला ऊन लागणारा.
विज्ला कुत्र्यांचा रंग तोच,
म्हणून आमच्या कुत्रीचं नाव तेच.
बेन्देगूझने आणली तेव्हा ती त्याच्या कोटाच्या आत झोपली होती.
मी वहीचं नवं पान उघडलं, लिहिलं:
पिल्लू, अडीच लाख फोरिंट.
खाली रेघ मारली.
वाटलं, झाला हिशेब.

रेघेच्या खाली अजून लिहितेच आहे.

पंधरा किलोचं पोतं, एकोणीस हजार.
चोवीस दिवस पुरतं, कडाक्याच्या थंडीत बावीस.
कुंपण.
पुन्हा कुंपण, हातभर उंच.
शेजारच्या मार्गितची तीन बदकं.
ती पैसे घेईना, मग डुकराची एक अख्खी खारवलेली मांडी,
आणि तरी नाताळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.
गोचिडांचं औषध, मार्च ते नोव्हेंबर.
सोफा.
सोफ्यापुढे आकडा घातलेला नाही.

बेन्देगूझ म्हणायचा, कुत्रं नाही हे, इंजिन आहे.
तीस वर्षं सोल्नोकच्या यार्डात काढलेला माणूस,
त्याला इंजिनं कळत.
गुडघे कळत नसत.
दुसऱ्या शरद ऋतूत, फेझंटच्या शिकारीला तोंड लागलं
आणि त्याचा उजवा गुडघा गेला.
ऑपरेशन सरकारी दवाखान्यात,
म्हणून ते वहीत नाही.

कुत्री काय, गुडघ्यासाठी थांबते थोडीच.
पहाटे साडेपाचला दाराशी उभी,
अंगातून झरा उकळावा तशी थरथरत.
मग मी. एकसष्ट वर्षांची,
शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेलेली,
बंदूक फक्त पुसलेली, तीही कपाटावरची धूळ पुसताना.
तिसा नदीच्या बांधावरून आठ किलोमीटर जायचं,
तेवढंच यायचं.
तिचे होत असतील चाळीस.
बूट, एक जोड.
बूट, दुसरा जोड, चांगले.
झोप. इथे काय लिहावं सुचेना,
नुसती फुली मारली.

जानेवारीत बाभळीच्या रानात जुनी काटेरी तार होती.
ती तिच्याच वेगाने तिच्यात घुसली.
छातीपासून काखेपर्यंत एकेचाळीस टाके,
डॉक्टर कोलोश, एक लाख ऐंशी हजार,
रात्रीचा दर वेगळा.
बेन्देगूझ काही बोलला नाही.
गुरुवारी कपाटाचा कोपरा रिकामा होता.
वहीत त्या दिवशी पहिल्यांदा
जमेच्या बाजूला काही आलं,
त्याच्या अक्षरात, रेल्वेच्या पावतीवर लिहावं तसं सरळ:
दुनाळी. वडिलांची.

पण कुत्रीला हे कोण सांगणार?

आज दंव होतं. वेताच्या कडेला ती थांबली.
एक पुढचा पाय उचललेला,
शेपूट रुळासारखी सरळ,
सगळं अंग एका गवताच्या झुपक्याकडे ताणलेलं.
मला काही दिसत नव्हतं. तिला ठाऊक होतं.
ती वाट बघत होती.
तिच्या आईच्या आईच्या आईने बघितली असेल तशी,
त्या आवाजाची.
वाऱ्याने तिच्या छातीवरचा व्रण,
जिथे केस आलेच नाहीत,
तेवढाच शहारत होता.

मी हातमोजे काढले.
दोन्ही बाजूंना पाहिलं, कुणी नाही ना.
तोंडाशी हात नेला
आणि म्हटलं, ठो!

भर्रकन उडाला. हिरवी मान, तांबडी पाठ,
अख्खाच्या अख्खा, नदीपलीकडे.
तिने आभाळ पाहिलं, काही पडतंय का.
मग मला पाहिलं.
पुन्हा आभाळ.
चुकला गं नेम, मी म्हटलं.
तिने क्षणभर विचार केला,
आणि सुटली, पुढच्या झुपक्याकडे.

घरी बेन्देगूझ खिडकीपाशी, पाय स्टुलावर.
किती उठले? त्याने विचारलं.
मी बूट काढत होते. नाडीत बर्फ अडकलेला.
दोन, मी म्हटलं.

एकच होता.