रिकामं वजन

जालन्यात, एमआयडीसीच्या फाट्यावर,
मी वजनकाट्यावर बसते.
भंगाराचा ट्रक भरून आला की आकडा लिहायचा,
रिकामा परतला की परत लिहायचा.
मोठ्यातून लहान वजा. उरलं ते लोखंड.
बाकी सगळी ताडपत्री, ड्रायव्हर,
त्यानं शिटाखाली लपवलेली मोसंबी, टायरातला चिखल.

त्यामुळे कुणी सांगितलं की नवा गेम
एकशे चाळीस जीबीचा आहे,
तर मी आधी विचारते,
रिकामा किती?

तीन रात्री उतरत होता. दोनदा लाईट गेली.
उघडला तर निम्मा गेम म्हणजे दुकान.
टोपी विकत. जखमेचा रंग विकत.
जिंकल्यावर हसायच्या चार तऱ्हा, त्याही विकत.
मी फुकट हसते, कधीमधी,
आणि अतीकभाईच्या पार्लरमधली पोरं घाबरतात.

कन्सोल म्हणजे सोफ्यावरचा खेळ, असं म्हणणाऱ्यांनी
आमची सतरंजी बघावी.
मला कन्सोल आवडतो तो एका गोष्टीसाठी:
डबा सगळ्यांचा सारखा.
पुण्याच्या पोराचा तोच, माझा हप्त्यावरचा तोच.
हरलास तर हात तुझे.

निदान मी तसं धरून चालले होते.

मी काठीवाली म्हातारी खेळते.
तिला कुणी घेत नाही. कंपनी तिला नवे कपडे काढत नाही,
म्हाताऱ्या बाईचं लुगडं कोण विकत घेणार?
पण तिची काठी!
एका सेकंदाचे साठ तुकडे करा,
अकराव्या तुकड्याला काठी समोरच्याच्या नडगीवर.
आठ महिने मी तो अकरावा तुकडा बोटात मुरवला.
ट्रक काट्यावर चढताना अंगठा आपोआप हलायचा,
ड्रायव्हर विचारायचे, ताई, मंत्र म्हणता का?

संभाजीनगरची स्पर्धा. आदल्या रात्री अपडेट आला.
सोळा पानी यादीत तिच्या नावापुढं एकच ओळ:
काठी किंचित संथ केली आहे.
किंचित म्हणजे दोन तुकडे.
सेमीफायनलला समोर वेदप्रकाश तोष्णीवाल,
हात थंडगार, मागं त्याचे तीन मित्र.
मी बरोबर वेळेवर दाबलं.
वेळच हलवली होती.

आमच्या काट्याला असं कुणी रात्रीतून केलं
तर वजनमापवाला येतो, सील ठोकतो,
शेठ दिवसभर त्याच्या मागंमागं चहा घेऊन फिरतो.
यांच्याकडं कोण येतं?
यांचा काटा यांच्या खिशात, सील यांच्या खिशात,
आणि चार वर्षांनी सर्व्हर बंद केला
की आपण मोजलेले पैसेसुद्धा आपण मोजलेच नव्हते.

हरलेल्यांना टी-शर्ट मिळाला. एकाच मापाचा, बाप्यांचा.
मी तो घालून झोपते.

आणखी एक राहिलं.
नव्या गेमात एका टीव्हीवर दोघं मावत नाहीत.
दोन घरं, दोन टीव्ही, दोन पावत्या.
शेजारच्याचं कोपर लागत नाही,
हरलेला माणूस कसा दिसतो ते कळत नाही,
फक्त नाव विझतं.

मंगळवारी मिलला सुट्टी. कादराबादेत अतीकभाईकडं
पहिल्या दिवशीची डिस्क आहे, चरे पडलेली.
तो नेटची वायर उपटतो, म्हणतो,
आपा, अब कोई नई आता सुधारने को.

त्या डिस्कमध्ये डाव्या कोपऱ्यात भिंतीला भोक आहे.
दिसत नाही, पण म्हातारी त्यातून आरपार जाते
आणि मागून मारते.
नागसेन, सहावीतला, तीन वेळा मार खाऊन ओरडला,
ही चीटिंग आहे!
मी म्हटलं, चूक आहे रे.
पण रोज एकाच जागी असते. तू पण शीक.

तो गप्प बसला. डावा कोपरा बघत राहिला.
मग रिमोट चड्डीला पुसला
आणि म्हणाला,
म्हातारी मला दे.