टांगणीला

लेसाख खोऱ्यात आमचं घर उताराच्या पायथ्याशी,
आणि उतार असा की
चढताना गुडघा छातीला लागतो,
अंगणात सांडलेला बटाटा थेट ओढ्यात सापडतो.
वर नोटबुर्गा, माझी बहीण, वय एकसष्ट.
तिच्याबरोबर कोर्बिनियान, माझा पोरगा, एकोणीस.
मी खाली, खिडकीत.
माझा डावा खुबा सतरा वर्षांपूर्वी
लार्चच्या एका ओंडक्याने नेला.
ओंडका माझा नव्हता, वर काम करणाऱ्याचा होता.
मी त्याच्या खाली उभा होतो, एवढंच.

तेव्हापासून मी कानांनी लाकूडतोड करतो.

आधी कुऱ्हाडीचा तुंबा खोडावर, तीनदा.
ठण्ण म्हणजे भरीव. ढब म्हणजे आतून कुजलेलं.
मग ती झाडाभोवती फिरते, मान वर करून,
शेंड्यात वाळकी फांदी लोंबतेय का बघत.
हे ऐकू येत नाही,
पण तेवढा वेळ मी धरून ठेवतो.
मग पळवाट: चढाच्या अंगाला, तिरकी, मागे.
कोयत्याने झुडपं साफ, पायाखालचे दगड बाजूला.
पोरगा विचारतो, दर झाडाला?
ती म्हणते, दर झाडाला.

मग करवत. दोनदा आखूड गुरगुर, ती खाच,
झाड जिकडे पाडायचं तिकडे आ वासलेली.
मग मागून लांब काप,
आणि तो संपायच्या आत थांबतो.
थांबायलाच हवा.
मध्ये अंगठाभर लाकूड सोडायचं, न कापलेलं.
ती बिजागरी. दार चौकटीत फिरावं
तसं झाड तिच्यावर फिरतं, सांगितल्या जागी जातं.
ती तुटली की मग ते कुणाचंच नाही.

मग पाचर. टक्, टक्,
दर घाव आधीच्यापेक्षा वरच्या पट्टीत.
मग नोटबुर्गाची हाक, खोरंभर.
मग तडकणं, मग वारा,
मग माझ्या कपातली कॉफी हलते.

आज सकाळी दोन स्प्रूस पडले.
तिसऱ्याला हाक आली,
तडकणं आलं,
वारा अर्धाच आला.
कॉफी हलली नाही.

मी मोजू लागलो.
चाळीसपर्यंत ठीक चाललं.
वाटेच्या वळणावर एक पत्र्याची पाटी आहे,
झाडाखाली आडवा झालेला माणूस, खाली एगिडियुस, एकोणीसशे एकतीस.
दर वसंतात कुणीतरी त्याच्या कोटाला नवा निळा रंग देतं.
कोण देतं, मी कधी विचारलं नव्हतं.
नव्वदला मला वाटलं, विचारायला हवं होतं.
एकशे साठला कुत्रा उठला.
खिळ्यांच्या बुटांचा आवाज, दगडी वाटेवर.
दोन जोड्या.
मी पुन्हा मोजल्या.

"अडकलं," पोरगा म्हणाला,
"शेजारच्या बीचच्या बेचक्यात. मी म्हटलं,
बीच कापू, दोन्ही येतील. पाच मिनिटांचं काम."
नोटबुर्गा बुटाची नाडी सोडत होती.
"तुझा बाप पाच मिनिटंसुद्धा उभा नव्हता तिथं," ती म्हणाली.
माझ्याकडे न बघता.
तिने वरची आणि खालची वाट लाल फितीने बांधून टाकली होती,
विंचवाल्या इनरहोफरला फोन केला होता. उद्या आठला.
"म्हणजे आज काही झालंच नाही," पोरगा कुरकुरला.
"नाही झालं," ती म्हणाली, आणि सूप वाढून घेतलं.

आता रात्र आहे. वारा सुटलाय.
वर अंधारात
तीस मीटर झाड रेललंय
एका बीचच्या खांद्यावर
आणि अंगठाभर लाकडावर.
मधूनच कुरकुर येते, दात खाल्ल्यासारखी.
मी कूस बदलत नाही, खुबा बोलेल म्हणून.

पोराच्या खोलीत दिवा चालू आहे.
गाणी बंद आहेत.
तोही ऐकतोय.