एक वाव

माझं माप म्हणजे माझे पसरलेले दोन हात,
एक वाव.
विहिरीच्या दोराला हेच, होडीच्या दोराला हेच,
मग कुत्र्याला वेगळं कशाला?
वेंगुर्ल्याला बंदर रस्त्यावर, बर्फाच्या कारखान्याला लागून
माझं दुकान. बाप वहाणा शिवायचा.
मी वहाणा शिवते, आणि चार वर्षं झाली, हे.

ह्याला धड शब्द नाही आपल्यात.
दावं म्हटलं की गाय येते, लगाम म्हटला की घोडा,
पट्टा म्हटलं तर लोक गळ्यातलाच समजतात.
मी वहीत नुसतं 'हातातलं' लिहिते.
हातातलं, काळं, एक.
हातातलं, तपकिरी, दोन.

होमस्टेवरच्या बाई आल्या काल, सोबत लॅब्रॅडॉर,
नाकभर वाळू.
"हा नऊशेचा, हा चौदाशेचा. दिसतात तर सारखेच."
ओढून बघा, म्हटलं.
पोटाकडचं कातडं ओढलं की लांबतं,
आणि उसन्या पैशांसारखं परत येत नाही.
पाठीकडचं ओढा हवं तेवढं.
शिवाय कडी बघा, पितळी आहे.
लोखंडी घेतलीत तर आमच्या खाऱ्या वाऱ्यात
दिवाळीची कडी शिमग्याला गंजते.
कुत्रा ओढतो, की सोबत चालतो?
"ओढतो," बाई म्हणाल्या.
कुत्र्याने दुसरीकडे बघितलं.

किंमत कशी धरायची ते बाप शिकवून गेला नाही.
तो गिऱ्हाइकाच्या टाचा बघायचा,
भेगा असल्या तर पाच रुपये कमी.
कुत्र्यांच्या मालकांच्या टाचा बुटात असतात.
म्हणून मी मांडते: कातडं पाचशे, कडी एकशे ऐंशी,
मेणाचा दोरा वीस.
आरीची भोकं, दोन सुयांचे टाके,
मग कडा घासायच्या, एरंडेल लावून, लाकडी दांड्याने,
दोन दुपारी.
इथं पेन थांबतं.
दुपारीचा भाव काय?
शेजारी कोळंबी सोलणाऱ्या बायकांना किलोवर मिळतात पैसे.
मी त्याच हिशोबाने धरते,
वर पन्नास, डोळ्यांचे.

बाईंनी दोन्ही खाली ठेवले
आणि मागच्या खिळ्यावरचा काढला.
"हा?"

तो बस्त्यावचा.
तीन वर्षांपूर्वी नेलेला, अर्धाच वाव,
कारण त्याचा जिम्मी आंधळा झालेला,
पायाला चिकटून चालायचा.
श्रावणात बस्त्यावने आणून दिला.
"इकून टाक गे. खुंट्येर दिसता."

जुना आहे, म्हटलं. बाराशे.
"नवा नऊशेला, आणि जुना बाराशेला?"
नव्याला हाताची सवय व्हायला सहा महिने लागतात, बाई.
ह्यात कुणाचीतरी तीन वर्षं मुरलीत,
घाम, खारं पाणी, बांगड्याचं तेल.
बाईंनी वास घेतला, तोंड वाकडं केलं.
लॅब्रॅडॉरने नाक लावलं ते काढेना.
"अकराशे," बाई म्हणाल्या.
मी हो म्हटलं. खरी किंमत
मला तरी कुठं ठाऊक होती.

संध्याकाळी धक्क्यावर गेले.
बस्त्याव जाळं शिवत बसलेला, सुई दातात.
पैसे मोजले, दोनदा.
एकशे ऐंशी काढून माझ्या हातावर ठेवले.
"ह्ये कडयेचे. गेल्या पावसात बदललंस,
तू पैसे घेवक नाय."
मला वाटलं, तुझ्या ध्यानात नसेल.
"आंधळो तो होतो," म्हणाला, "मी नाय."

मग बराच वेळ जाळ्याचं एक भोक.
कोण घेऊन गेलं, हे त्याने विचारलं नाही.
"तो ओढता?"
ओढतो, म्हटलं.
"बरा झाला," सुई परत दातात धरत म्हणाला,
"आमचो नुसतो चलायचो."