गुरुवार, पाच ते सहा

हार्डवेअरच्या दुकानामागे, जिथे एरवी
ढकलगाड्या एकीत एक घुसून झोपलेल्या असतात,
दर गुरुवारी पाच वाजता मोटारींच्या डिक्क्या उघडतात
आणि सेइनायोकीतला ऑक्टोबरचा अंधार
तासाभरापुरता खाण्याजोगा होतो.

बाजार म्हणू नका याला.
आरोळी नाही, घासाघीस नाही.
मंगळवारीच कळवून ठेवायचं: गाजरं दोन किलो, एक कोबी, अंडी.
मग टोपी कानांवर ओढून रांगेत उभं राहायचं,
आणि नाव पुकारलं की पुढे व्हायचं,
दवाखान्यातल्यासारखं.

आर्व्होचा मध गारठून दगड झालेला, तरी तो
कोणत्या रानातला ते सांगितल्याशिवाय बरणी सोडत नाही.
साल्मेच्या अंड्यावर शेणाचा ठिपका असतो एखादा.
ती पुसत नाही. म्हणते, कोंबडीची सही आहे.

आणि हिल्क्का.
तिची निळी व्हॅन, तिची काळी माती.
सहा वर्षं मी तिच्याकडून माती विकत घेते आहे,
थोडी गाजरं चिकटलेली असतात तिला.

तिच्या कोबीला भोकं असायची.
पहिल्या वर्षी मी नाक मुरडलं,
मग सवय झाली, मग अभिमान,
मग तर पाहुण्यांसमोर पान दिव्यापुढे धरून सांगू लागले:
बघा, आपल्याआधी कुणीतरी चाखलंय,
आणि मेलेलं नाही.

या गुरुवारी कोबी गुळगुळीत,
जाहिरातीतल्या बाळाच्या गालासारखा.
मी वरचं पान उलगडलं. दुसरं. तिसरं.
एरवी आरशाला लटकणारी ‘सेंद्रिय’ची हिरवी पाटी
डिक्कीत पालथी पडली होती, दोरीसकट.

आमच्याकडे असं काही विचारत नाहीत.
आमच्याकडे थांबतात.
मी थांबले. मागची रांग थांबली.
कुणाच्या तरी गाडीचं इंजिन तेवढं चालू होतं.

“जूनमध्ये औषध मारलं,” हिल्क्का म्हणाली.
“वाऱ्याबरोबर पतंग आले पूर्वेकडून, राखेसारखे.
अळ्या हातांनी वेचल्या, मी आणि रेइयोनं, तीन दिवस.
जूनमध्ये रात्र होत नाही ना,
त्यामुळे थांबायला निमित्तही नव्हतं.
चौथ्या दिवशी शेजाऱ्याकडे जाऊन पंप मागितला.
यादीच्या तळाशी लिहिलंय मी सगळं. भावही निम्मा केलाय.
तू वाचत नाहीस. तू नुसतं कळवतेस.”

खरं होतं.
सहा वर्षं मी त्या यादीवरून
ओळखीच्या जिन्यावरून उतरावं तशी उतरत आले होते.

आणि मी, जी दिवसभर औषधांच्याच दुकानात उभी असते,
किती थेंब, जेवणाआधी की नंतर, एवढंच सांगते,
कुणाला कधी म्हटलं नाही
की चौथ्या दिवसापर्यंत का नाही कळ काढलीत.

मी पुरे पैसे पुढे केले.
तिनं निम्मे परत मोजले,
नाणं नाणं, उघड्या लाल बोटांनी,
आणि माझ्या हातमोज्यात असे दाबले
की पुन्हा देण्याची सोय राहू नये.

मागचा म्हातारा खाकरला.
“गोड आहे का?”
“दहिवर पडल्यावर तोडलाय.”
“मग दोन दे. आणि ते दार लाव एका बाजूचं, वारा येतोय.”

घरी मी कोबी दोनदा धुतला,
काय धुते आहे ते नीट माहीत नसताना.
मग गाजरं.
इतकी वर्षं पाण्याबरोबर जाऊ दिलेली माती
आज गाळणीत धरली.
मूठभरही नव्हती.
खिडकीतल्या जिरेनियमला घातली,
आणि कोबी चिरायला घेतला.